कापलेल्या झाडाखाली

रत्नागिरीच्या सड्यावर हापूसचं कलम लावायचं तर आधी सुरुंग लावावा लागतो. जांभा फोडायचा, खड्डा करायचा, दुसरीकडून माती आणून तो भरायचा, शेणखत घालायचं आणि मग त्यात कलम उभं करायचं. पुढची पन्नास-साठ वर्षं ते झाड खड्ड्यातल्या मातीवर आणि जांभ्याच्या भेगांत मुळांना जे सापडेल त्यावर जगतं. वरून दर पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि विरघळेल ते सगळं वहाळातून खाडीकडे नेतो. तरीही झाड वाढतं, मोहोरतं, आंबे देतं. बागायतदार आळ्यात खत घालतो हे खरं. पण ते खत मुळांपर्यंत पोचवण्याचं, गळलेलं प्रत्येक पान पुन्हा झाडाच्या कामी लावण्याचं काम करणारे कुणी वेगळेच असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यांच्यावाचून सड्यावरची एकही बाग दहा वर्षंसुद्धा तग धरणार नाही.

बागेतलं एखादं झाड काढलं की या न दिसणाऱ्या मंडळींचं काय होतं, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. झाड काढायची वेळ मात्र पुष्कळांवर आली आहे. जुन्या पद्धतीने दहा-दहा मीटरवर कलमं लावली तर हेक्टरी शंभर झाडं बसतात. पाच-पाच मीटरवर लावली तर चारशे. सुरुवातीची वर्षं घन लागवड फायद्याची वाटते. मग फांद्या एकमेकींत शिरतात, बागेत दिवसाही अंधारून येतं, मोहोर फक्त शेंड्यावर येतो, आतल्या भागात तुडतुडे आणि भुरी मुक्काम ठोकतात आणि फळाला रंग चढत नाही. अशा बागेतलं एकाआड एक झाड काढणं किंवा मधली फांदी काढून झाडाचं पोट उघडं करणं, हे उपाय आता ओळखीचे झाले आहेत. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झालं. जुन्या आमरायांचं पुनरुज्जीवन हा तिथल्या मार्गदर्शनाचा नेहमीचा विषय आहे.

सागाची गोष्ट तर आणखी स्पष्ट. साग दोन-दोन मीटरवर, म्हणजे हेक्टरी अडीच हजार लावतात, तेच मुळी त्यातले बहुतेक पुढे काढायचे म्हणून. रोपं दाटीत वाढली की उजेडासाठी सरळ वर जातात. मग टप्प्याटप्प्याने विरळणी करत शेवटी मोजकी, सरळसोट झाडं ठेवायची. केरळात निलांबुरला १८४०च्या दशकात मलबारचा कलेक्टर कोनोली आणि त्याचे सहकारी चातू मेनन यांनी सागाची लागवड उभी केली. तेव्हापासून आपल्याकडे विरळणीची चर्चा आहे, पण ती लाकडाच्या घेराची आणि सरळपणाची. आंब्याच्या बागेत ती मोहोराची आणि पेट्यांची. मातीची चर्चा फार उशिरा सुरू झाली.

दाट आमराईत वाका आणि पातेरा बाजूला करा. वरची पानं कोरडी, करकरीत, अजून आंब्याचीच दिसतात. त्याखालची ओलसर, तपकिरी आणि एकमेकांना चिकटलेली. दोन पानं सोडवायला गेलं की मधे पांढरे, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू ताणले जातात आणि तुटतात. ही बुरशी. त्याखाली पानांच्या फक्त शिरा उरलेल्या आणि त्याच्याही खाली काळपट, चुरा झालेला थर, ज्यात पान कुठलं आणि माती कुठली ते सांगता येत नाही. चार बोटांच्या जाडीत आपण दोन-तीन वर्षं मागे गेलेलो असतो. त्या चुऱ्यातली चिमूटभर, जेमतेम एक ग्रॅम माती घेतली तर तिच्यात शंभर कोटींपर्यंत जिवाणू असू शकतात आणि त्यांच्या जाती हजारोंनी मोजाव्या लागतात. वजनाने ही मंडळी नगण्यच. मातीतल्या सेंद्रिय कर्बाचा साधारण एक ते पाच टक्के भाग तेवढा त्यांच्या जिवंत शरीरांत असतो. पण उरलेल्या पंच्याण्णव टक्क्यांतला बराचसा भाग कधी ना कधी त्यांच्या पोटातून गेलेला असतो. गेल्या काही वर्षांत मृदाशास्त्रज्ञांचं मत याहून पुढे गेलं आहे. मातीत वर्षानुवर्षं टिकून राहणारा कर्ब हा अर्धवट कुजलेला पाला असावा असं पूर्वी वाटे. आता दिसतं आहे की त्यातला मोठा हिस्सा मेलेल्या जिवाणूंच्या आणि बुरशीच्या शरीरांचा, त्यांच्या पेशींच्या आवरणांचा असतो. ही आवरणं मातीच्या कणांना घट्ट चिकटून बसतात. आपण ज्याला कसदार माती म्हणतो ती पुष्कळ अंशी या अदृश्य पिढ्यांची रास आहे.

मृगाच्या पहिल्या सरीनंतर येणारा मातीचा वास कोकणी माणसाला कुणी समजावून सांगायला नको. त्या वासातला ओळखीचा, तळघरासारखा भाग जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो आणि ते मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूंचं देणं. हवेतला त्याचा कणाकणाहून सूक्ष्म अंशही माणसाचं नाक टिपतं. हे जिवाणू तो वास का सोडत असावेत? २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याचं एक उत्तर मिळालं. पातेऱ्यात उड्या मारणारे, मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे उडपे जीव या वासाकडे ओढले जातात, जिवाणू खातात आणि त्यांची बीजुकं अंगावर आणि पोटात घेऊन दुसरीकडे पोचवतात. फूल मधमाशीला बोलावतं, तसाच हा बोलावा जमिनीखाली कोट्यवधी वर्षं चालू आहे आणि आपण वर उभं राहून त्याला पावसाचा वास म्हणतो.

आता जांभ्याकडे येऊ, कारण इथे या मंडळींचं काम जास्त अवघड आहे. लोह आणि ॲल्युमिनियम यांनी भरलेली ही तांबडी माती आम्लधर्मी. कोकणच्या मातीत सेंद्रिय कर्ब तसा कमी नसतो, पण स्फुरदाचे हाल असतात. घातलेलं स्फुरद लोहाशी आणि ॲल्युमिनियमशी बांधलं जातं आणि मुळाच्या अगदी जवळ असूनही त्याला मिळत नाही. यातून झाडाने वाट काढली ती बुरशीशी भागीदारी करून. १८८५ साली आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की जंगलातल्या झाडांच्या मुळांवर दिसणारी बुरशी हा रोग नव्हे, ते सहजीवन आहे. आंबा, काजू, साग यांच्या मुळांत जी बुरशी राहते ती तर मुळाच्या पेशीत शिरून आत इवल्या झाडासारख्या फांद्या फोडते आणि तिथे देवघेव करते. बाहेर तिचे तंतू मूळ जिथे पोचत नाही तिथे, मातीच्या कणांमधल्या फटींत शिरतात. माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्श्याइतके बारीक. ते स्फुरद आणतात, झाड साखर देतं. झाड दिवसभर उन्हात जे अन्न शिजवतं त्यातला चार ते वीस टक्के वाटा या भागीदारांना जातो. चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या स्कॉटलंडमधल्या जीवाश्मांत ही भागीदारी दिसते. तेव्हा पानं आणि मुळं आजच्यासारखी झालीही नव्हती.

अशा या जगात एके दिवशी झाड पडतं.

पहिला बदल उजेडाचा. आजवर पानांनी अडवलेलं ऊन जमिनीवर येतं आणि माती तापते. ओल पुरेशी असेल तर तापमान दहा अंशांनी वाढल्यावर जिवाणूंच्या कामाचा वेग साधारण दुप्पट होतो, म्हणून दाट सावलीत रेंगाळलेलं कुजण्याचं काम पळू लागतं. दुसरा बदल पाण्याचा. पानांवरच अडून वाळणारा पाऊस आता खाली पोचतो आणि कापलेलं झाड जे पाणी उपसून हवेत सोडत होतं तेही जमिनीत राहतं. पावसाळा संपल्यावर, कार्तिक-मार्गशीर्षात, हा फरक जाणवतो. विरळ केलेल्या बागेत जिवाणूंचे कामाचे दिवस वाढतात. तिसरा बदल कुणाला दिसत नाही आणि माझ्या मते सगळ्यांत मोठा तोच. कापलेल्या झाडाची मुळं जमिनीतच राहतात. खोडाभोवती कित्येक मीटर पसरलेलं ते सारं जाळं आता मेलेलं अन्न असतं. बारीक मुळं आधी कुजतात, काही महिन्यांत. जाड मुळांना वर्षं लागतात. ती कुजून गेली की त्यांच्या जागी पोकळ वाटा उरतात. त्यांतून पाणी आणि हवा खाली उतरते आणि शेजारच्या झाडाची मुळं बरेचदा याच आयत्या वाटांनी पुढे सरकतात. जांभ्याच्या भेगेतली वाट तर सोन्याच्या मोलाची. जिथे एका झाडाने तीस वर्षं खपून मूळ घुसवलं, तिथे दुसऱ्याला ती आयती मिळते.

मेलेल्या मुळांवरची बुरशी मात्र उपाशी पडते, कारण साखर देणारा गेला. इथेच थोडी झाडं काढणं आणि सगळी काढणं यांतला फरक सुरू होतो. शेजारी जिवंत झाड असेल तर त्याच्या मुळांवरची बुरशी रिकाम्या झालेल्या मातीत शिरते. शेजारी कुणीच नसेल तर तंतू वाळतात, बीजुकं तेवढी वाट पाहत राहतात.

चौथा बदल गवताचा. उजेड आला की निजलेलं बी उठतं. सागाच्या लागवडीत याचं महत्त्व किती आहे ते पावसानेच दाखवून दिलं आहे. झाडाखाली पाऊस सौम्य होतो अशी आपली समजूत. सागाचं पान मात्र ताटाएवढं. त्यावर बारीक थेंब एकत्र येतात आणि मोठा थेंब होऊन टोकावरून खाली पडतो. हॉल आणि कॅल्डर या ब्रिटिश जलशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत पाइन, निलगिरी आणि साग या तिघांत सागाखालचे थेंब सर्वांत मोठे आढळले. पुरेशा उंचीवरून पडणारा असा थेंब उघड्यावरच्या पावसाहूनही जोरात माती फोडतो. म्हणजे दाट सागाखाली जमीन उघडी असेल तर झाड असूनही माती वाहून जाते. चार झाडं काढली, गवत आणि झुडपं उगवली, की थेंब त्यांच्यावर फुटतो. कोकणातल्या उतारावर, जिथे सुपीक थर मुळातच वीतभर, तिथे हे गवत म्हणजे मातीचं छप्पर.

या गवतात लाजाळू असेल तर एक करून पाहा. पावसात माती मऊ असताना ती हळूच उपटा आणि मुळं पाण्यात खळबळा. मुळांवर मोहरीच्या दाण्यासारख्या गाठी दिसतील. नखाने एक गाठ फोडली तर आत गुलाबी रंग दिसतो. तो आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जवळच्या नात्यातल्या प्रथिनाचा रंग. गाठीत राहणारे जिवाणू हवेतलं नत्र पकडतात आणि त्या कामात प्राणवायूचा अडथळा होतो, म्हणून झाड हे प्रथिन बनवून प्राणवायू मोजूनमापून आत सोडतं. बागायतदार ज्याला तण म्हणून बेणून टाकतो त्याच्या मुळाशी नत्राचा कारखाना असतो, तोही रक्ताच्या रंगाचा. बेणणीला माझा विरोध नाही. आंबे उतरवताना पायाखालची जमीन दिसली पाहिजे, सापाची भीती खरी आहे आणि रानमोडी-घाणेरी वाढू दिली तर ती सगळं गिळते. पण मुळासकट खरवडून काढण्यापेक्षा वरून कापून तिथेच पाडणं मातीला कितीतरी मानवतं.

आता कापलेल्या फांद्यांविषयी. इथे पुष्कळांचा गोंधळ होतो, कारण पहिल्या वर्षी परिणाम उलटा दिसू शकतो. जिवाणूच्या शरीरात कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण साधारण आठास एक. श्वासावाटे बराच कर्ब खर्ची पडतो, म्हणून त्याला खायला चोविसास एकच्या आसपासचं अन्न लागतं. हिरवा पाला याच्या जवळपास असतो. गिरिपुष्पाचा पाला तर नत्राने समृद्ध. तो टाकला की पंधरा-वीस दिवसांत दिसेनासा होतो. लाकडात मात्र एका भाग नत्रामागे कर्बाचे शेकडो भाग. लाकडाचा भुसा मातीत मिसळला तर तो खाण्यासाठी जिवाणू कमी पडणारं नत्र मातीतूनच उचलतात आणि तेवढ्यापुरतं झाड उपाशी राहतं. हे नत्र नाहीसं होत नाही, जिवाणूंच्या अंगात साठून राहतं. खाणं संपलं, ते मेले किंवा त्यांना दुसऱ्या सूक्ष्म जीवांनी खाल्लं, की ते पुन्हा मोकळं होतं. कोकणच्या पावसात तर ही साठवण वरदानच. मोकळं नत्र जुलैच्या पाण्याबरोबर निघून जातं, अंगात साठवलेलं राहतं. म्हणूनच भुसा, बारीक तुकडे मातीत गाडू नयेत, वर पसरावेत. वर पसरलेलं लाकूड बुरशी हळूहळू खाते आणि खालच्या मुळांच्या वाट्याला धक्का लागत नाही.

लाकूड खाणं हे काही येऱ्यागबाळ्याचं काम नव्हे. लाकडाला कणखरपणा देणारं लिग्निन फोडायची ताकद सजीवांत फार थोड्यांकडे आहे आणि त्यात पहिला मान काही बुरशींचा. कापलेल्या बुंध्यावर पहिल्या पावसात हिरवी-काळी बुरसट बुरशी येते. ती साखरेवर जगणारी, साखर संपली की जाते. मग पंख्यासारख्या, कातडी बुरश्या बुंध्यातून बाहेर डोकावतात. त्यांनी खाल्लेलं लाकूड पांढरट, हलकं आणि तंतुमय होतं. या कामात कोकणात त्यांचा मोठा भिडू आहे वाळवी. वाळवीचं नाव काढलं की माणसाच्या कपाळाला आठी पडते, पण वारुळाच्या पोटात ती शेती करते. चावून आणलेल्या लाकूड-पाल्याचा स्पंजासारखा वाफा रचते आणि त्यावर एक विशिष्ट बुरशी वाढवते. बुरशी लिग्निन फोडते, वाळवी ते आयतं खाते. माणसाने पहिला दाणा पेरला त्याच्या कोट्यवधी वर्षं आधीपासून हे चालू आहे. पावसाळ्यात वारुळापाशी उगवणारी, जिच्यासाठी रत्नागिरीचे लोक पहाटे टोपल्या घेऊन रानात जातात ती अळंबी, ती याच बुरशीची फळं. जिवंत कलमाच्या खोडाला वाळवी लागली तर तिचा बंदोबस्त करावाच लागतो. पण कुजणाऱ्या फांदीत ती दिसली तर ती तिचं काम करते आहे.

मग विरळणी नेहमीच मातीला मानवते का? नाही. आणि हे सांगायला अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रूकच्या प्रयोगाइतकं बोलकं उदाहरण माझ्या माहितीत दुसरं नाही. १९६५च्या हिवाळ्यात तिथल्या एका छोट्या खोऱ्यातली सगळी झाडं संशोधकांनी कापली. एकही ओंडका बाहेर नेला नाही, सगळं जागच्या जागी पडू दिलं. मग तीन उन्हाळे तणनाशक मारून नवं काही उगवू दिलं नाही. आणि ओढ्याचं पाणी मोजत राहिले. पाण्यातलं नायट्रेट कित्येक पटींनी वाढलं, पिण्याच्या पाण्याची मर्यादाही त्याने ओलांडली. त्याच्याबरोबर चुना आणि पालाशही वाहून गेले. मातीतले जिवाणू कुठे गेले नव्हते. उलट ऊन आणि ओल मिळाल्याने ते जोमाने कामाला लागले होते, पाल्यातलं नत्र मोकळं करून त्याचं नायट्रेट करत होते. पण ते उचलून घ्यायला जिवंत मूळच उरलं नव्हतं. मातीच्या कणांवर ऋण भार असतो, नायट्रेटवरही ऋणच. माती त्याला धरून ठेवत नाही, ते पाण्याबरोबर जातं.

बाहेर काही न नेताही माती गरीब होऊ शकते, हे त्या खोऱ्याने शिकवलं. कुजवणारे आणि घेणारे, दोघंही हजर असावे लागतात. बेताची विरळणी मातीला मानवते ती एवढ्यासाठीच. कुजवणाऱ्यांना उजेड, ओल आणि अन्न मिळतं आणि मोकळं झालेलं नत्र टिपायला शेजारच्या झाडांची मुळं आणि खाली उगवलेलं गवत तयार असतं. चीनमध्ये फरच्या अफाट लागवडींत विरळणीनंतरच्या मातीवर पुष्कळ काम झालं आहे. त्यातही किती झाडं काढली, केव्हा काढली आणि खाली काय उगवलं यावर निकाल बदलतात. थोडी काढली तर सूक्ष्म जीवांचा पसारा वाढल्याची उदाहरणं बरीच. फार काढली तर माती तापते, कोरडी पडते आणि जुना साठवलेला कर्बही खर्ची पडू लागतो. न्यू हॅम्पशायरला वर्षभरात पडतो त्याच्या दुपटीहून जास्त पाऊस रत्नागिरीला, तोही चार महिन्यांत. तिथे जे वाहून गेलं ते इथे किती वेगाने जाईल, याचा विचार एखादी सबंध टेकडी साफ करण्यापूर्वी व्हायला हवा.

कातळावर आणि रस्त्यांच्या कडेला १९८०च्या दशकात सामाजिक वनीकरणात लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ हा या विषयाचा आणखी एक धडा. तिचं जे पान आपण पाहतो ते पान नसतंच, तो चपटा झालेला देठ असतो. बी रुजल्यावर पहिली एक-दोन पानं खऱ्या बाभळीसारखी पिसांची येतात, मग देठ रुंदावत जातो आणि पिसं नाहीशी होतात. हे कातडी देठ हळू कुजतात. दाट लागवडीखाली त्यांचा जाड गालिचा पडतो आणि त्यातून फारसं काही उगवत नाही. झाड मात्र स्वतः नत्र पकडणारं, म्हणजे त्या गालिच्यात नत्र आहे, फक्त ते अडकून पडलं आहे. अशा ठिकाणी काही झाडं काढून उजेड आत घेतला तर कोंडलेलं चक्र फिरू लागतं. काय उगवेल हे शेजारी काय आहे त्यावर ठरतं. जवळ देवराई किंवा जुनं रान असेल तर पक्षी करवंद, आटक, जांभूळ यांचं बी आणून टाकतात. नसेल तर रानमोडी आधी येते. जे लोक अशा लागवडीत उतरून टप्प्याटप्प्याने झाडं काढतात आणि मधे ऐन, किंजळ, जांभूळ लावतात त्यांचा मार्ग मला योग्य वाटतो. सगळी एकदम काढून कातळ उघडा पाडणारा वाटत नाही.

ऐन-किंजळावरून भाजावळ आठवते. उन्हाळ्यात या झाडांचा टाळ तोडायचा, शेण, पातेरा आणि गवताबरोबर तरव्याच्या जागी पसरायचा आणि जाळायचा. त्या राखेत भाताचा तरवा जोमाने उठतो, तण मरतं, राखेतला पालाश आणि चुना आम्ल मातीला मिळतो. पिढ्यान्‌पिढ्यांची ही रीत बिनबुडाची नव्हती. पण तिचा हिशेब असा की रानाचा कस शेताला गेला, आणि जाळताना नत्र धुरावाटे गेलं. आमरायांत पातेरा गोळा करून जाळण्याची सवय त्याच रीतीची धाकटी बहीण. तिला कारणही आहे. फाल्गुन-चैत्रात वणवा लागला तर वाळक्या पातेऱ्याने बागच्या बाग होरपळते आणि ज्याची बाग जळली त्याला पातेऱ्याचे गुण सांगणं क्रूरपणाचं आहे. तरी जाळण्याला पर्याय आहेत. बागेच्या कडेने, गडग्यालगत जाळरेषा साफ ठेवायची आणि आतला पातेरा झाडाच्या आळ्यात, खोडापासून हातभर दूर दाबून, वर शेणकाला शिंपडून ठेवायचा. दाबलेला, ओलावलेला पाला लवकर पेटत नाही आणि लवकर कुजतो.

कापलेल्या झाडातलं काय विकावं आणि काय ठेवावं, याचं उत्तर झाडाच्या शरीरातच आहे. खोडाच्या आतल्या लाकडात नत्र, स्फुरद, पालाश फार थोडे. तो मुख्यतः कर्ब. अन्नद्रव्यं असतात पानांत, कोवळ्या डहाळ्यांत आणि सालीत. म्हणून ओंडका फळ्यांना, खोक्यांना किंवा भट्टीला गेला तरी मातीचं फारसं बिघडत नाही. पाला आणि डहाळ्या ट्रकवर चढल्या तर बिघडतं. ओंडका बाहेर काढण्याला दुसरंही कारण आहे. खोडकिड्याने पोखरलेलं लाकूड बागेत पडून राहिलं तर तिथून भुंगेरे निघून उभ्या कलमांवर जातात. तसं लाकूड लगेच बाहेर न्यावं. आणि मुळात झाड तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी. १९६४च्या महाराष्ट्राच्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ, जांभूळ ही सगळी आहेत. ही काळजी या भूमीत नवी नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी आंबा-फणस तोडू नयेत, कारण ही झाडं वाढायला वर्षं लागतात, आणि एखादं अगदी जीर्ण झाड हवंच असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावं, अशी ताकीद आहे.

डहाळ्या ठेवायच्या त्या उताराला आडव्या, ओळीने. पावसाचं पाणी त्यांच्यापाशी थबकतं, वाहत आलेली माती तिथे बसते आणि ओल धरून ठेवलेल्या त्या ओळींखाली बुरशी सगळ्यांत आधी पसरते. मे महिन्याच्या अखेरीला त्या जमिनीवर पडलेल्या असल्या तर सबंध पावसाळा हाताशी मिळतो. बुंधा उपटून काढायची घाई करू नये. त्याच्या मुळांनी जांभ्यात केलेल्या वाटा यंत्राने उपटताना कोसळतात. खत आखडता हात ठेवून द्यावं, विशेषतः नत्र, आणि तेही उरलेल्या झाडांच्या नव्या पालवीकडे पाहून. मातीची तपासणी करायची तर पहिल्याच वर्षीचे आकडे पाहून निराश होऊ नये, कारण तेव्हा नत्र जिवाणूंच्या अंगात अडकलेलं असतं. दोन पावसाळे गेल्यावर, दर वेळी त्याच महिन्यात आणि त्याच झाडांखालून, वरचा पातेरा बाजूला सारून माती घ्यावी. सेंद्रिय कर्ब, स्फुरद आणि सामू यांचे आकडे वहीत जुन्यांशेजारी लिहावेत. आणि तपासणीला पाठवण्यापूर्वी मूठभर माती नाकाशी धरून तिचा वास घ्यावा.